घरबसल्या होमिओपॅथी शिकायची? आधी देश ठरवा, मग कोर्स

दूरशिक्षणाने होमिओपॅथ होता येतं का? काही देशांत येतं, काही देशांत अजिबात येत नाही. तुम्ही रुग्ण कुठे तपासणार यावर ते ठरतं. कोर्स विकणाऱ्या संस्था हा मुद्दा माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत टाकतात, म्हणून इथे तो सगळ्यात आधी घेतलाय.

दुसरी गोष्टही सुरुवातीलाच सांगतो. या विषयातला पुस्तकी भाग घरी बसून छान होतो. माझ्या मते वर्गात बसण्यापेक्षाही बरा होतो, कारण त्यात पाठांतर आणि तुलना फार आहे आणि ती प्रत्येकाने आपापल्या वेगाने करायची असते. घरी बसून होत नाही ते एकच: तुम्ही रुग्णाशी बोलत असताना जाणत्या माणसाने शेजारी बसून पाहणं, आणि नंतर "हा प्रश्न का विचारलास?" म्हणून धारेवर धरणं. कोर्स निवडताना, पैसे भरताना, वेळापत्रक आखताना ही उणीव कुठून भरून निघणार याचा विचार करा. बाकीच्या गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत.

पहिली पायरी: रुग्ण कुठे तपासणार?

भारतात तपासणार असाल तर दूरशिक्षणाचा रस्ता बंद आहे. होमिओपॅथीचं शिक्षण आणि व्यवसाय १९७३ च्या कायद्याने नियमांत आला, आणि त्या कायद्याची जागा पुढे २०२० च्या राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग कायद्याने घेतली. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, मग 'नीट' ही प्रवेशपरीक्षा, मग बीएचएमएस ही होमिओपॅथीची पदवी, म्हणजे साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर राज्याच्या नोंदवहीत नाव. यातलं काहीही गाळून प्रॅक्टिस करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरशिक्षण नियमावलीतही वैद्यकीय अभ्यासक्रम या पद्धतीने चालवायला मनाई आहे. तेव्हा "सहा महिन्यांत ऑनलाइन डिप्लोमा, लगेच दवाखाना" अशी जाहिरात दिसली तर फोन करून एवढंच विचारा, "नोंदणी क्रमांक कोणत्या परिषदेचा मिळेल?" उत्तरात "मान्यताप्राप्त", "आंतरराष्ट्रीय", "आयएसओ" असे शब्द येत राहिले आणि परिषदेचं नाव काही आलं नाही, तर फोन ठेवून द्या.

अशा जाहिरातींत इलेक्ट्रोहोमिओपॅथी हा शब्दही दिसेल. ती एकोणिसाव्या शतकात इटलीच्या काउंट मॅटेई यांनी काढलेली वेगळीच पद्धत आहे. नावातल्या साम्याला फसू नका.

मग भारतात राहणाऱ्याला अशा कोर्सचा उपयोग काय? दोन प्रकारच्या लोकांना आहे. ज्यांचं बीएचएमएस झालंय आणि केस टेकिंग (रुग्णाची सविस्तर माहिती विचारून लिहून घेणं) किंवा रेपर्टरी (लक्षणांवरून औषध शोधायची सूची) अजून पक्की करायची आहे, त्यांना. आणि ज्यांना हे शास्त्र काय म्हणतं ते नुसतं समजून घ्यायचंय, त्यांना. दुसऱ्या गटातल्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळ्या वाटायला सुरुवात करू नये, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

ब्रिटनमध्ये चित्र उलट आहे. तिथे होमिओपॅथ या नावावर कायद्याचं बंधन नाही. सरकारी नोंदणी नाही, व्यावसायिकांच्या संघटना आपापल्या नोंदवह्या ठेवतात आणि त्या ऐच्छिक असतात. १९७८ मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ होमिओपॅथ्स ही त्यांतली मोठी. जे आधीच डॉक्टर, पशुवैद्य वा इतर नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिक आहेत, त्यांच्यासाठी फॅकल्टी ऑफ होमिओपॅथी ही निराळी संस्था आहे. अशा देशात दूरशिक्षणाने सुरुवात करता येते. मात्र बंधन नाही म्हणजे जबाबदारी नाही असं नव्हे. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणं तिथे १९३९ पासून गुन्हा आहे.

जर्मनीची पद्धत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. डॉक्टर नसलेल्याला तिथे 'हाइलप्राक्टिकर' म्हणून परवाना काढावा लागतो. वय किमान २५ हवं, आणि सरकारी आरोग्य खात्याकडून परीक्षा होते. लेखी परीक्षेत ६० प्रश्न, त्यांतले ४५ बरोबर यावे लागतात, मग तोंडी. गंमत म्हणजे त्या परीक्षेत होमिओपॅथीला जवळजवळ काहीच महत्त्व नाही. विचारतात ते शरीररचना, रोगलक्षणं, संसर्गजन्य रोग, कायदा आणि 'हा रुग्ण तुमच्या आवाक्याबाहेरचा आहे हे कधी ओळखाल?' उपचार कोणते करता यापेक्षा माणसाला इजा करणार नाही ना, एवढंच सरकार तपासतं. परीक्षेची तयारी कुठे केली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यामुळे तिथे दूरशिक्षण चांगलंच रुळलंय.

अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत परवाना नसलेल्या उपचारकालाही काही अटींवर काम करता येतं. आपण डॉक्टर नाही आणि आपलं शिक्षण काय, हे रुग्णाला लेखी सांगणं त्यांतली मुख्य अट. ॲरिझोना, नेवाडा, कनेक्टिकट इथे होमिओपॅथीचा परवाना मुळात डॉक्टरांसाठी आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २००७ मध्ये स्वतंत्र होमिओपॅथी कायदा केला. २०१५ पासून तिथे नोंदणीशिवाय स्वतःला होमिओपॅथ म्हणवून घेता येत नाही.

तुमचा देश वरच्या यादीत नसेल तर आरोग्य खात्याला एक ईमेल लिहा. तीन प्रश्न पुरतात: ही पदवी वा हे नाव वापरायला नोंदणी लागते का, दूरशिक्षणाचं प्रमाणपत्र नोंदणीला चालतं का, आणि नोंदणी नसताना कोणती कामं करायला बंदी आहे. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. ऑनलाइन रुग्ण पाहायचा विचार असेल तर रुग्ण ज्या देशात बसलाय तिथला कायदाही लागू होऊ शकतो, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

दुसरी पायरी: विरोधकांचं म्हणणं आधी ऐका

बरेच विद्यार्थी हा भाग टाळतात आणि मग पहिल्याच चिकित्सक रुग्णासमोर अडखळतात. फी भरण्याआधीच तो उरकून घ्या.

होमिओपॅथीचे जनक, जर्मन डॉक्टर हानेमान यांनी १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतःवर वापरून पाहिली, १७९६ मध्ये 'समः समं शमयति' (जे द्रव्य निरोगी माणसात लक्षणं आणतं तेच तशा लक्षणांच्या रुग्णाला बरं करतं) हे तत्त्व लेखातून मांडलं. पुढे औषध अधिकाधिक पातळ करत आणि हलवत नेण्याची पद्धत त्यातून उभी राहिली. औषध किती पातळ केलं ते सांगणाऱ्या मापाला पोटेन्सी म्हणतात. सी पोटेन्सीत प्रत्येक पायरीला शंभरात एक भाग घेतात. ३० सी म्हणजे हे तीस वेळा, म्हणजे मूळ द्रव्य एकावर साठ शून्यं इतक्या पटीने पातळ. एका मोलमध्ये (रसायनशास्त्रातलं पदार्थ मोजायचं एकक) रेणू असतात सुमारे ६ गुणिले १० चा २३ वा घात. त्यामुळे १२ सी च्या पुढे मूळ पदार्थाचा एखादा रेणू बाटलीत उरण्याची शक्यता नगण्य होत जाते. मग औषध काम कसं करतं, या प्रश्नाला रसायनशास्त्रात आणि भौतिकशास्त्रात बसणारं उत्तर होमिओपॅथीकडे नाही.

निष्कर्षांचं काय? ब्रिटिश संसदेच्या विज्ञान समितीने २०१० मध्ये म्हटलं की ही औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला आणि कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. २०१७ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने आपल्या डॉक्टरांना ही औषधं लिहून देऊ नयेत असं सांगितलं. या आढाव्यांवर होमिओपॅथांचे आक्षेप आहेत. तेही वाचा, पण मूळ अहवाल आधी. उलट्या क्रमाने वाचलंत तर अहवालातलं काहीच डोक्यात शिरणार नाही.

हे सगळं वाचूनही शिकायचंच असेल तर खुशाल शिका. रुग्णाचं तासभर नीट ऐकून घेणं, त्याच्या तक्रारी शब्दशः लिहून ठेवणं, महिन्याभराने पुन्हा विचारणं, याला स्वतःचं मोल आहे. फक्त पुरावा नाही तिथे आहे म्हणू नका. ज्या कोर्समध्ये विरोधी पुराव्याचा एकही धडा नाही, तो कोर्स मी तरी घेणार नाही.

तिसरी पायरी: कोर्स पारखून घ्या

माहितीपत्रकातले तास मोजत बसू नका. "एकूण इतके तास" या आकड्यात व्हिडिओ, वाचन, स्वाध्याय सगळं घुसडलेलं असतं. विचारायचा प्रश्न वेगळा: शिक्षक मला प्रत्यक्ष रुग्णाशी बोलताना किती वेळा पाहणार? प्रत्यक्ष किंवा थेट व्हिडिओवर चालेल, पण त्या क्षणी. रेकॉर्डिंग पाहून पंधरा दिवसांनी अभिप्राय देणं हे त्याच्या खालोखाल. केस लिहून पाठवायची आणि गुण यायचे, ही सगळ्यात खालची पायरी, कारण लिहिताना आपण नकळत स्वतःच्या चुका पुसून टाकतो.

त्यानंतर शरीररचना, शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्र कोण शिकवतं ते बघा. बऱ्याच संस्था हा भाग "स्वतः वाचून घ्या" म्हणून सोडून देतात. असं असेल तर तो भाग दुसरीकडून, एखाद्या विद्यापीठाच्या खुल्या कोर्समधून, वेगळा करा. पातळी काय असावी याचा अंदाज हवा असेल तर जर्मनीच्या त्या परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून पाहा. भाषांतराच्या ॲपवर त्या सहज वाचता येतात.

शिक्षकाला विचारा की शेवटचा रुग्ण त्याने कधी दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवला आणि का. जो हसून "आमच्याकडे तशी वेळच येत नाही" म्हणतो, त्याच्याकडे शिकू नका. फी परत मिळण्याचे नियम लेखी मागा, हप्ते मिळत असतील तर हप्त्यानेच भरा, आणि संपूर्ण कोर्सची फी एकदम भरल्यास मोठी सूट अशी घाई कुणी लावली तर दोन आठवडे थांबा. सूट तेव्हाही असते.

नावापुढे 'डॉक्टर' लावायला मिळेल असं आश्वासन देणारी संस्था तिथल्या तिथे यादीतून काढा.

चौथी पायरी: पुस्तकं कोणत्या क्रमाने

'ऑर्गेनॉन' हे हानेमान यांचं मूळ पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की बहुतेकांचा दम पहिल्या पन्नास सूत्रांतच निघतो. १८१० मध्ये पहिली आवृत्ती निघाली. सहाव्या आवृत्तीचं हस्तलिखित हानेमान यांनी १८४२ मध्ये पुरं केलं, पण ती छापली गेली थेट १९२१ मध्ये. तिच्यात २९१ सूत्रं आहेत. अभ्यासाला सहावीच घ्या. सुरुवात मात्र ८३ पासून करा. ८३ ते १०४ ही सूत्रं केस कशी घ्यायची याबद्दल आहेत, आणि होमिओपॅथीवर विश्वास नसलेल्या माणसालाही ती आवडतील. ८४ वं सांगतं की रुग्ण बोलत असताना वैद्याने गप्प राहावं आणि रुग्णाचेच शब्द लिहून घ्यावेत. ८५ वं सांगतं, प्रत्येक नवी तक्रार नव्या ओळीवर लिहा, म्हणजे मागाहून त्यात भर घालायला जागा राहते. ८७ वं सांगतं, 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागेल असा प्रश्न विचारू नका.

ही तीन सूत्रं वहीत उतरवली की कशी दिसतात ते बघा. रुग्ण म्हणतो, "डोकं दुखतं." तुम्ही ओळ लिहिता, खाली चार बोटं जागा सोडता. नवखा लगेच विचारतो, "उन्हात गेल्यावर वाढतं का?" रुग्ण म्हणतो, "हो, वाढतं." तो तुम्हाला खूश करायला म्हणतो, किंवा उन्हात कुणाचंही डोकं दुखतं म्हणून म्हणतो. हाती काही लागत नाही. आता तेच "कशाने वाढतं?" असं विचारून थांबा. पाचेक सेकंद शांतता पडेल, ती पडू द्या. "पायऱ्या उतरताना," तो म्हणतो. "चढताना नाही, उतरतानाच." हे तुम्ही सुचवलेलं नाही, त्याने स्वतः शोधून काढलंय. होमिओपॅथ ज्याला खास, वेगळं लक्षण म्हणतात (१५३ वं सूत्र त्याबद्दलच आहे) ते असं हाती लागतं. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. आपण समोरच्याला किती वेळा तोडतो ते ऐकून लाज वाटेल, आणि तेवढ्याने निम्मं काम होतं.

मटेरिया मेडिका, म्हणजे कोणत्या औषधाची कोणती लक्षणं ते सांगणारं पुस्तक, एकेक औषध घेऊन पाठ करू नका. अकारविल्हे वाचणारा अकोनाइटपासून निघतो आणि कॅल्केरियाच्या आसपास सोडून देतो. जोड्या लावा. ब्रायोनिया आणि ऱ्हस टॉक्स ही नवशिक्यांची नेहमीची जोडी: पुस्तकी वर्णनानुसार ब्रायोनियाच्या रुग्णाला जरा हाललं तरी दुखणं वाढतं आणि निपचित पडून राहिलं की बरं वाटतं. ऱ्हस टॉक्सच्या रुग्णाला पहिली हालचाल नको वाटते, पण चालत राहिलं की मोकळं होतं. नक्स व्होमिका आणि पल्सेटिला ही दुसरी जोडी, एक चिडका आणि थंडीने गारठणारा, दुसरी हळवी, तहान नसलेली, मोकळ्या हवेत बरं वाटणारी. अशी वीस-पंचवीस मोठी औषधं जोड्यांनी झाली की बाकीची त्यांच्याशी ताडून बसतात. बोरिक यांचं खिशात मावणारं पुस्तक १९०१ चं आहे, सुरुवातीला तेच पुरे. दहा-बारा खंडांचे संग्रह पहिल्या वर्षी विकत घेऊ नका.

मग रेपर्टरी. केंट यांची रेपर्टरी १८९७ ची. तिच्यात लक्षणांवरून औषधं शोधतात, म्हणजे मटेरिया मेडिकाच्या नेमकं उलटं. पहिलं प्रकरण मनाचं, मग चक्कर, मग डोकं, असं करत त्वचा आणि शेवटी सर्वसाधारण लक्षणं. औषधांची नावं तीन प्रकारच्या टायपात छापलेली असतात, ठळक म्हणजे तीन गुण, तिरकी म्हणजे दोन, साधी म्हणजे एक. सॉफ्टवेअर हल्ली सगळ्यांकडे असतं आणि ते बेरीज सेकंदात करतं. तरीही पहिले काही महिने छापील पुस्तक आणि पेन्सिल. पायऱ्या उतरतानाची ती डोकेदुखी कोणत्या प्रकरणात, कोणत्या मथळ्याखाली असेल हे बोटाने पानं उलटून शोधल्याशिवाय रूब्रिकची, म्हणजे रेपर्टरीतल्या लक्षणाच्या नोंदीची, भाषा अंगवळणी पडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा रूब्रिक टाकला तरी ते तितक्याच रुबाबात उत्तर देतं.

पोटेन्सीच्या धड्यात एक धोका हटकून दुर्लक्षित राहतो. एक्स किंवा डी म्हणजे दहात एक, सी म्हणजे शंभरात एक, एलएम म्हणजे पन्नास हजारांत एक. उंच पोटेन्सीत मूळ द्रव्य उरत नाही हे खरं, पण खालच्या पोटेन्सीत ते असतं. बेलाडोना, अकोनाइट, आर्सेनिक, पारा ही मुळात विषं आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला बाळांच्या दात येण्यावरच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोनाचं प्रमाण वेष्टनावर लिहिल्यापेक्षा बरंच जास्त आढळलं होतं. "होमिओपॅथी आहे, अपाय नाही" हे वाक्य तुमच्या तोंडी कधीच येऊ नये.

पाचवी पायरी: आठवडा कसा मांडायचा

नोकरी सांभाळून करायचं असेल तर रोज तासभर आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब बैठक एवढं धरा. रोजच्या तासात मटेरिया मेडिकाची एक जोडी किंवा शरीरशास्त्राचा एक धडा, दोन्ही एकदम नाही. लांब बैठक केससाठी. व्हिडिओ नुसते बघून संपवण्यात अर्थ नाही. केसचा व्हिडिओ रुग्णाचं बोलणं संपल्यावर थांबवा, स्वतःची लक्षणं लिहा, औषध ठरवा, आणि मगच शिक्षकाचं उत्तर ऐका. अभ्यासाला जोडीदार शोधा, कोर्समधलाच, आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओवर एकमेकांची केस घ्या. एक खोटा रुग्ण, एक विद्यार्थी, मग अदलाबदल. सुरुवातीला हसू आवरत नाही.

सहावी पायरी: खरे रुग्ण

क्रम असा ठेवा: आधी रेकॉर्ड केलेल्या केस, मग शिक्षकाच्या थेट तपासणीत गप्प बसून हजर राहणं, मग शिक्षक बघत असताना तुम्ही केस घेणं, आणि शेवटी तुम्ही एकट्याने केस घेऊन औषध देण्याआधी शिक्षकाला विचारणं. शेवटच्या टप्प्यावर वर्षभर तरी राहा. ऑनलाइन संस्थेकडे तिसरा टप्पा नसेल तर तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात एखादा नोंदणीकृत अनुभवी होमिओपॅथ गाठा आणि त्याच्या दवाखान्यात बसू देण्याची विनंती करा. चार जण नाही म्हणतील. पाचवा बहुधा म्हणेल, "या, पण बोलायचं नाही."

घरच्यांवर हात साफ करू नका. पत्नीला किंवा वडिलांना झोप का लागत नाही याचं खरं उत्तर ते तुम्हाला देणार नाहीत, कारण त्या उत्तरात कदाचित तुम्हीच असाल.

रेकॉर्डिंग असो वा नुसती टिपणं, रुग्णाची लेखी संमती आधी, आणि शिक्षकाला पाठवताना नाव, फोन, पत्ता काढून टाका. मोबाइलच्या गप्पांच्या ग्रुपवर केस टाकणं सर्रास चालतं. तुम्ही टाकू नका.

दुसऱ्या भेटीत "बरं वाटतंय" ऐकून हुरळून जाण्याआधी वहीत पाहा. पहिल्या भेटीतच एक ओळ लिहून ठेवायची सवय लावा: काहीच केलं नसतं तर हा त्रास किती दिवसांत गेला असता? सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. पाठीचा ताजा ताण काही आठवड्यांत बहुतेकदा उतरतो. रुग्ण दुखणं शिगेला असताना येतो, त्यामुळे पुढच्या भेटीला तो थोडा बरा असणारच. ही ओळ नसली की प्रत्येक बरा झालेला माणूस आपल्याच औषधाने बरा झाला असं वाटायला लागतं, आणि तिथून पुढे शिकणं थांबतं.

सातवी पायरी: हात कधी जोडायचे

खालची लक्षणं पाठ असायला हवीत, झोपेतून उठवून विचारलं तरी. छातीत दाब किंवा दुखणं, हात-जबड्याकडे जाणारं. चेहरा एका बाजूला ओघळणं, हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं. आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक उठलेली डोकेदुखी. तापासोबत मान आखडणं, किंवा काचेच्या पेल्याने दाबल्यावरही न फिकटणारं पुरळ. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप. जुलाब होणारं बाळ सुस्त होणं, लघवी कमी होणं. श्वास लागणं. शौचातून किंवा उलटीतून रक्त. कारण नसताना घटणारं वजन. आत्महत्येचे विचार. यांतलं एकही दिसलं तर केस घ्यायची नाही, रेपर्टरी उघडायची नाही. रुग्णाला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवायचं. यांतल्या बहुतेकांसाठी थेट रुग्णवाहिका.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये क्षयरोग, मलेरिया, एचआयव्ही, इन्फ्लुएन्झा आणि बालकांचे जुलाब यांवर होमिओपॅथीवर विसंबू नये असं सांगितलं होतं. ते आजारही तुमच्या आवाक्याबाहेरचे समजा. लस टाळून त्याऐवजी गोळ्या देण्याची मागणी येईल, हमखास येईल. तिला नकार द्यायचा.

रुग्णाची चालू औषधं बंद करायची नाहीत, कमीही करायची नाहीत. इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधं, रक्त पातळ करणारी औषधं, दम्याचा पंप, स्टेरॉइड, मानसोपचारातली औषधं, कोणतंच नाही. रुग्ण स्वतःहून म्हणाला तरी "तुमच्या डॉक्टरांना विचारा" हेच उत्तर. उलट बाजूने, शिकलेल्या पद्धतीपलीकडची औषधंही लिहायची नाहीत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या एका निकालात होमिओपॅथीची नोंदणी असलेल्याने ॲलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा ठरवला होता.

प्रथमोपचार आणि छातीदाब, म्हणजे सीपीआर, व्हिडिओ पाहून येत नाही. त्याचा वर्ग प्रत्यक्ष जाऊन करा, पुतळ्यावर हात टेकवून. रक्तदाब मोजणं, नाडी आणि श्वास मोजणं हेही कुणा नर्सकडून समोर बसून शिका. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याने घराबाहेर पडून शिकायच्या गोष्टींत या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी.

पाटी लावण्याआधी

कायद्याने परवानगी असलेल्या देशात तुम्ही इथपर्यंत आलात तर कागदपत्रं उरतात. व्यावसायिक दायित्वाचा विमा पहिला रुग्ण येण्याआधी घ्या. काही विमा कंपन्या कोर्सचं नाव विचारतात, म्हणून हा चौकशीचा फोन खरं तर प्रवेश घेण्यापूर्वीच करायला हवा. ज्या कोर्सच्या विद्यार्थ्याला विमा मिळत नाही, त्या कोर्सबद्दल तो फोनच पुरेसं सांगून जातो.

रुग्णासाठी एक पानी माहितीपत्र करा: तुम्ही डॉक्टर आहात की नाही, काय शिकलात, किती फी घेता, काय करत नाही, आणि होमिओपॅथीबद्दल वैज्ञानिक संस्थांचं मत काय आहे. ते वाचून सही घ्या, एक प्रत त्याला द्या. काही रुग्ण वाचून उठून जातील, जाऊ द्या.

जाहिरातीत आजारांची यादी टाकू नका. भारतात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा बऱ्याच आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, आणि तसेच नियम या ना त्या रूपात बहुतेक देशांत आहेत. अमेरिकेत २०१६ पासून होमिओपॅथिक औषधांच्या जाहिरातीतल्या दाव्यांनाही इतर औषधांइतकाच पुरावा मागितला जातो. पाटीवर नाव, शिक्षण, वेळ आणि फोन. रुग्णांचे "अनुभव" संकेतस्थळावर छापण्याआधी स्थानिक नियम बघा, कारण काही ठिकाणी तोही दावाच धरला जातो.

जवळच्या एका फॅमिली डॉक्टरशी आधी जाऊन बोलून ठेवा. तुम्हाला तो मानणार नाही, कदाचित तोंडावर तसं बोलेलही. तरी सांगा की तुमच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण तुम्ही चिठ्ठी देऊन त्याच्याकडे पाठवाल, आणि चिठ्ठीचा नमुना दाखवा: रुग्णाचं वय, तक्रार कधीपासून, तुम्ही काय पाहिलं, नाडी, ताप, रक्तदाब, कोणती औषधं चालू आहेत. तुमचा होमिओपॅथिक विचार त्यात लिहू नका. त्याला त्याचा उपयोग नाही. चिठ्ठीच्या दोन प्रती करा, एक फाइलला लावा, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला फोन करून तो खरंच गेला का ते विचारा.